सगळ्यात जुन्या कैद्याले पोचावं

चैत महिना, मंगळवार, सन १९५७
आलापल्लीजवळून

नथ्थूच्या बाबाले,

हे पत्र मी सोता लिहून राह्यली. पहिले हेच सांगते, नाई तं तुमी म्हणाल कोणाकडून लिहून घेतलं. अक्षर वाकडं आहे, ते माझंच आहे. गावात मोठ्या बायाईची शाळा निघाली, दुपारची, मोहाच्या झाडाखाली. मास्तरीणबाई म्हणते, "मनकर्णाबाई, तुमचा क पाह्यला का मले बसलेला बैल दिसते." मी म्हटलं, बसला आहे ना, पळून तं नाई गेला.

आता मोठी गोष्ट. तुमी आजे झाले! आपल्या नथ्थूची बायको, रुखमा, तिले पोरगी झाली. होळीच्या आदल्या दिवशी. रंग कसा सांगू, चारोळीच्या दाण्यासारखा. जन्मली तेव्हा एकच डोळा उघडला, आमाले सगळ्याईले पाहून घेतलं, अन् मिटला. जशी काई म्हणते, बरं, हे लोक आहेत तं, मी झोपते. हे कोणाचं आहे ते तुमाले सांगाले पाहिजे का? लग्नाच्या दिवशी माझ्या बापाच्या आंगणात तुमी असंच एका डोळ्यानं पाह्यलं होतं मले.

नथ्थू आता बावीस वर्षाचा झाला. सरकारी डेपोत सागाच्या लाकडाईवर नंबर टाकते. चांगला आहे. बोलत नाई जास्त. तुमचा विषय निघाला का पाणी आणतो म्हणते अन् पाण्याचा गुंड घेऊन निंगते. बारा वर्षांत त्यानं इतकं पाणी आणलं का आपला रांजण कधी रिकामा नाई राह्यला. या पत्राचं त्याले माहीत नाई.

अजून एक गंमत. भैयाजी डाकवाला म्हणते का आपला चांदा जिल्हा आता मुंबईच्या राज्यात गेला. मी तं कुठी गेली नाई, इथीच चुलीपाशी बसली आहो. भैयाजीले डाक वाहून तीस वर्षं झाली, पोळ्याले त्याची नोकरी संपते. आतापासूनच लोक त्याले पेन्शनवाला म्हणून राह्यले अन् तो चिडून राह्यला. नाक्यावरचा शिपाई पंचवीस वर्षांपासून एकाच नाक्यावर आहे, त्याले सगळे बुंधा म्हणतात. लय वर्षं एका जागी राह्यलेल्या माणसाले लोक काई ना काई नाव देतातच. तुमाले तिथी काय म्हणतात? हे मी लय दिवसांपासून मनात घोळवून राह्यली.

कोर्टातून जाताना तुमी म्हटलं होतं, "येऊ नको." मी नाई आली. एक शब्द तुमी म्हटला अन् तो मी बारा वर्षं ऐकला. इतकं कोणती बायको ऐकते?

उत्तर द्या.

तुमच्या घरून,
मनकर्णा

वैशाख, मोह सरून गेला

नथ्थूच्या बाबाले,

उत्तर आलं नाई. येईन. जेलात काम असन.

कधी कधी वाटते पत्र पोचलं नाई का काय. पण पाकिटावर मी साफ लिहिलं होतं: नथ्थूचे बाबा, सगळ्यात जुना कैदी, मोठं जेल. नाव नाई टाकलं ते पाहून हसले असाल. नाव मी कसं लिहीन? लग्नात एकदा घेतलं तेवढंच. तुमच्या आत्यानं दारात आडवा हात लावला अन् म्हणे, नाव घे तं आत ये. घामानं भिजली होती मी. नाव घेतलं अन् पायाखालचं माप लवंडून पळाली. तेव्हापासून हे तोंड बंद आहे. पण बारा वर्षं झालेला माणूस, तुमच्याहून जुनं तिथी कोण असन? पाकीट भैयाजीच्या हाती नाई देल्लं, डेपोजवळच्या लाल पेटीत सोता टाकलं. त्याच्या हाती देल्लं असतं तं सगळ्या गावानं वाचलं असतं.

पोरगी आता हसते. कोणाकडं पाहून नाई, वर छपराकडं पाहून हसते. रुखमा घाबरते, मी म्हणते हसू दे, छपराले कोणी कधी हसून पाह्यलं नाई. तिची झोळी आमी मोहाच्या झाडाले बांधली. माझ्याच जुन्या लुगड्याची झोळी. नवं कापड टोचते. खाली मी बसते, पाटी घेऊन, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याले बांधून. पाय हलला का झोळी हलते. क काढते अन् पाय हलवते, ख काढते अन् पाय हलवते. काल असंच करता करता माझाच डोळा लागला.

तेव्हा तुमी आले. खोटं नाई सांगत. सागाच्या वाळल्या पानावरून येऊन राह्यले होते, पण पाय पडून आवाज होत नव्हता. तुमच्या खांद्यावर कुऱ्हाड नव्हती. झोळीपाशी उभे राह्यले अन् दोरी हळूच माझ्या अंगठ्यातून सोडवून आपल्या बोटाले गुंडाळली. मी म्हटलं, "कधी आले?" तुमी म्हटलं, "गेलो कुठी होतो?" जागी झाली तं दोरी खरंच सुटली होती. गाठ ढिली असन.

त्या बाजूच्या जंगलात, जिथी तुमची तोड चालत होती, तिथी मोह वेचाले मी जात नाई. त्या टोपलीचं मी अजून लिहिलं नाई. लिहीन. आज हात दुखला.

पोरीचं बारसं थांबवून ठेवलं. आज्याशिवाय नाव ठेवणार नाई म्हटलं. तवरक तिले चारोळी म्हणतो.

मनकर्णा

आषाढ, बुधवार

बाबूभाई,

तुमचं कार्ड आलं. भैयाजी कार्ड घेऊन आला तो दारातूनच म्हणे, "मी वाचलं नाई बाई, नुसतं पाह्यलं. हा बाबूभाई कोण?" मी म्हटलं, "वाचलं नाई तं नाव कसं समजलं?" तं म्हणे, "नाव उघडंच होतं, मी काय डोळे काढून ठेवू?"

कार्ड मी तीनदा वाचलं. तुमी लिहिलं: "बाई, मी नथ्थूचा बाबा नाई. मी वरोऱ्याचा बाबूभाई टेलर, इथी एकोणीस वर्षं झाली. सगळ्यात जुना म्हटलं का शिपाई मलेच आणून देते. दोन्ही पत्रं मले भेटली. एकोणीस वर्षांत मले कोणाचंच पत्र आलं नव्हतं, म्हणून चूप राह्यलो. माफ करजा."

पहिले मले लाज आली. मग राग आला. मग भाकरी करपली. मग हसू आलं. आता लिहाले बसली.

बाबूभाई, वाचलं ते वाचलं. पण तुमी लिहिता का ते सगळ्या बराकीले मोठ्यानं वाचून दाखवलं! साठ माणसाईले! माझं लग्नातलं, माप लवंडून पळाल्याचं, सगळं? आता साठ परके माणसं मले ओळखतात अन् मी त्यातल्या एकालेच ओळखते.

पण तुमी त्याच्यापुढं जे लिहिलं, त्याच्यासाठी मी तुमाले माफ केलं. का सतरंज्याईच्या कारखान्यात चारोळीच्या दाण्याचं वाचलं तेव्हा शेवटच्या मागावरचा धोटा थांबला. सगळे विणकर विणता विणता ऐकत होते, अन् एकाचाच माग बंद पडला. अन् झोळीचं वाचलं तेव्हा तो माणूस उठून पाणी पियाले गेला.

पाणी पियाले गेला ना? मग तेच आहेत. आमच्या घरचे माणसं असेच पाण्यावर जातात.

तुमी तिथल्या नावाईचं लिहिलं ते मले लय आवडलं. दऱ्या-सतरंज्या विणता म्हणून कापडाचेच नावं: नवा आला तं कोरा, पाच वर्षं झाली का धुवट, दहाच्या वर गेला का जुनेर. अन् तुमाले पोतेरं म्हणतात म्हणे. हे बरं नाई. त्याईले सांगा, मनकर्णाबाईनं मना केलं आहे. जुनेर म्हणा म्हणावं. आमच्या पोरीले मी जुनेरातच गुंडाळते. पन्नास वेळा धुतलेलं कापडच तिच्या अंगाले मऊ लागते. मग माणसाचं काऊन वेगळं असन?

अन् बाहेर बसून जिनं बारा वर्षं काढली, तिले तुमच्या बराकीत काय म्हणतात? तिच्यासाठी नाव नसन तं एखादं काढा.

आता एक काम करा, भाऊ. माझं पहिलं पत्र त्याईच्या हातात द्या. म्हणा, हे तुमचं आहे.

मनकर्णा

श्रावण लागला, जिवतीचा कागद भिंतीवर लावला त्या दिवशी

बाबूभाई,

तुमचं दुसरं कार्ड वाचलं. भैयाजीनंही वाचलं असन, कारण या वेळी त्यानं काई विचारलं नाई. नुसता चपला काढून बसला अन् पाणी मागितलं.

तुमी त्याईले पत्र देल्लं अन् त्याईनं घेतलं नाई. म्हणे, "ज्याच्यावर माझं नाव नाई ते माझं कसं? माझं कोणी नाई." अन् जेलचा साहेब सुटणाऱ्याईची यादी करून राह्यला, चांगल्या वागणुकीवर काई वर्षं माफ होतात, घरून कागद पाहिजे का आमी या माणसाले घरात घेतो. पोळ्याच्या आत. तो कागद नसन तं माणूस यादीत नाई. कारकुनानं त्याईले विचारलं, घर? तं म्हणे, घर नाई.

घर नाई! मी इथी दर वर्षी भिंती सारवून राह्यली, पावसाच्या आधी छपराचे कवेलू फेरून राह्यली, ते काय आहे मग?

पण राग कराले गेली तं तुमची खालची ओळ समोर येते. शनिवारी आंगणात सगळ्याईले बसवतात, शिपाई पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचते, ज्याचं असन त्यानं उठून हाजिर म्हणाचं. तुमी लिहिलं: "बाई, तो म्हणते माझं कोणी नाई. पण दर शनिवारी पहिल्या रांगेत येऊन बसते."

पहिल्या रांगेत.

बाबूभाई, बारा वर्षांचे किती शनिवार होतात ते मले मोजता येत नाई. मास्तरीणबाईले विचारणार होती, नाई विचारलं.

मी त्या दिवशी चुलीची राख पसरली अन् बोटानं पहिलं अक्षर काढलं. हात लावला अन् पुसलं. जिवती पाहून राह्यली होती भिंतीवरून. पुन्हा काढलं. अर्धं नाव झालं, पुन्हा पुसलं. तोंडानं घेणं नाई, नुसतं बोटानं काढणं आहे, तरी कानापर्यंत गरम होऊन राह्यलं होतं. रुखमा म्हणे, "आत्याबाई, ताप आहे का?" मी म्हटलं, ताप नाई, तुझा सासरा आहे. ती हसली अन् पदरात तोंड लपवून मागच्या दारानं पळाली.

तिसऱ्या वेळी पुरं नाव निंगलं. बापाच्या नावासकट. राखेत इतकं मोठं दिसून राह्यलं होतं का मलेच भेव वाटलं. तेवढ्यात नथ्थू डेपोतून आला. दारात उभा. मी पुसाले हात उचलला तं तो म्हणे, "राहू दे." अन् गुंड घेतला. मी म्हटलं, झालं, चालला पाण्याले. तो गेला पण. पण येताना पाण्यासोबत डेपोतली जाडी निळी पेन्सिल घेऊन आला, लाकडावर नंबर टाकतात ती. माझ्यापुढं ठेवली. म्हणे, "राखेचं उडून जाते, बाई. हे पावसानंही जात नाई."

बाईच म्हणते तो मले, लहानपणापासून.

मी आता लिहून राह्यली आहो, भाऊ. तुमी शनिवारी त्याईच्या बाजूले बसजा. तुमच्या नजमाचं तुमी लिहिलं, का पोरगी वरोऱ्यातच नांदते अन् उत्तर देत नाई. तिले तुमचंच नाव लाजेचं वाटत असन. आमाले बायाईले नावं जड जातात. थांबा थोडे. अन् सुटले तं पहिले इथी या. पोरीच्या झबल्याले टेलर पाहिजे.

मनकर्णा

श्रावण, पोळ्याले सात दिवस

श्री. वारलू झिंगू गुरनुले यांले,

लिहिलं. पाह्यलं का? निळ्या पेन्सिलीनं, वर पाकिटावर अन् आत पण. जमीन फाटली नाई. मोहाच्या झाडावर एक मैना होती, तीही उडाली नाई.

ज्या शनिवारी हे पोचन त्या शनिवारी शिपाई पुरं नाव वाचन. तुमी पहिल्या रांगेत असालच. उठून उभे राहा.

सोबत साहेबासाठी कागद जोडला. खाली माझी सही आहे, अंगठा नाई. त्याच्या खाली नथ्थूची. त्यात लिहिलं का हा माणूस आमच्या घरचा आहे, घर त्याचं आहे, आमी त्याले घेतो. अन् अजून एक लिहिलं, जे मी कोर्टात नाई सांगतलं. ते तुमाले पहिले सांगाले पाहिजे, म्हणून इथी लिहून राह्यली.

वकिलानं मले विचारलं होतं, पहिले हात कोणी उचलला? मी खरं सांगतलं, यायनंच. मग विचारलं, काऊन? मी म्हटलं, मोहाच्या टोपलीवरून. तुमी पिंजऱ्यातून माझ्याकडं पाह्यलं. मग तुमीही म्हटलं, हो, टोपलीवरूनच. लोक म्हणे, टोपलीभर मोहासाठी यानं ठेकेदाराचा मुनशी मारला, कसा राक्षस माणूस.

टोपली तं नंतर लवंडली. पहिले मुनशीनं माझा हात धरला होता. तुमाले माहीत आहे, मले माहीत आहे, अन् तो मेला त्याले माहीत होतं. तुमी कुऱ्हाडीचा दांडाच मारला, पातं नाई. तो मागं पडला अन् बुंध्यावर डोकं आदळलं. तुमीच त्याले पाठीवर घेऊन नाक्यापर्यंत पळाले. तिसऱ्या दिवशी तो गेला. मी तुमाले हे सांगून राह्यली, जसं काई तुमी तिथी नव्हते.

मी एवढंच म्हटलं असतं का त्यानं माझा हात धरला, तं कदाचित इतके वर्षं नसते लागले. पण भरल्या कोर्टात, शंभर माणसाईत, जिभेवर आलं नाई. तुमी ओळखलं अन् माझ्या लाजेवर आपलं पांघरूण टाकलं. वरून मले म्हटलं, येऊ नको. मी समजली का तुमी माझ्यावर रागावले. तुमी समजले का मी तुमाले सोडलं. दोघंही चूप. आता साहेबाच्या कागदावर मी हात धरल्याचं लिहिलं. साहेब वाचन, कारकून वाचन, शिपाई वाचन. वाचू दे. साठ माणसाईले माझं लग्न माहीत आहे, हेही माहीत होऊ दे.

भैयाजी पाकीट न्याले आला. म्हणे, लाल पेटीत नको टाकू बाई, पावसात भिजन, मी हातानं नेतो. त्यानं नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं, जसं तिथी वाचतीन तसं. मी पदर ओढला डोक्यावर, पण ऐकलं. बारा वर्षांनी कोणी आपल्या आंगणात ते नाव घेतलं, अन् तेही तीस वर्षांच्या पेन्शनवाल्यानं. थैली खांद्यावर टाकली अन् म्हणे, "बाई, इतक्या वर्षांत मी पत्रं लय नेली, पण नवऱ्याचं नाव लाकडाच्या पेन्सिलीनं लिहिलेलं हे पहिलंच." मग पुढं जाऊन वळला अन् म्हणे, "शेवटचंही."

बाबूभाईनं माझ्यासाठी नाव शोधून पाठवलं. बराकीत दोन दिवस चर्चा झाली म्हणे. बाहेर बसून शिक्षा काढणारीले ते आता ताणा म्हणतात. मागावर पहिले ताणा, म्हणजे उभं सूत, लावतात, तो जागेवर राहते, धोटा त्याच्यातून जाते अन् येते. मले पसंत आहे.

इथी सागाले फुलं आली आहेत, पांढरी, बारीक, शेंड्यावर धूर बसल्यासारखी. दुपारी वारा आला का फुलं झोळीत पडतात अन् चारोळी मूठ मिटते. एक फूल धरून झोपते. तिच्या मुठीतलं फूल सोडवून या पाकिटात टाकलं. वाळलं असन तं वाळलेलंच घ्या.

सागाचं मोठं पान, त्याच्यावर वाढला भात,
वारलूरावाचं नाव लिहाले बारा वर्षं थरथरला हात.

हा उखाणा मी सोता जुळवला. तुमच्या आत्या नाईत आता, असत्या तं म्हटलं असतं, घ्या, घेतलं.

पण एक ध्यानात ठेवा. तुमी याल तेव्हा दाराले आडवा हात मी लावणार. पोरगी कडेवर, नथ्थू मागं, पाण्याचा गुंड त्याच्या हातातून मी काढून घेईन. सगळं गाव जमलेलं असन. तुमीही माझं नाव कधी घेतलं नाई, नुसतं "अवो" म्हटलं, ते "अवो" मी अजून झोपेत ऐकते. पण आता त्यानं भागणार नाई.

उंबऱ्यावर माप ठेवीन. माझं नाव घ्याचं, मोठ्यानं, मगच आत याचं.

मनकर्णा वारलू गुरनुले